आधी पंप कोण चालवणार ते ठरवा

महाराष्ट्रात मोठी पाणीपुरवठा योजना जाहीर होते तेव्हा तिची ओळख दोन आकड्यांनी करून दिली जाते: किती कोटींची आणि किती किलोमीटरची. पाणी एकूण किती मीटर उंच उचलायचे आहे, हा तिसरा आकडा सहसा सांगितला जात नाही. ज्याला हवा असेल त्याने तो तांत्रिक अहवालाच्या परिशिष्टात शोधावा. वास्तविक उचलून आणलेल्या पाण्याच्या योजनेचे पुढच्या पन्नास वर्षांचे भवितव्य या तिसऱ्या आकड्यावर ठरते. वाहिनी एकदा गाडली की ती आपल्या जागी पडून राहते आणि धरणही आपल्या जागी उभे असते. पंप मात्र रोज वीज मागतो, रोज माणूस मागतो आणि दरवर्षी दुरुस्ती मागतो. मराठवाड्यातील अकरा धरणे बंद जलवाहिन्यांनी एकमेकांना जोडण्याची वॉटर ग्रिडची कल्पना २०१९ पासून चर्चेत आहे, आणि तिच्याविषयीची जवळजवळ सारी चर्चा खर्च, निविदा आणि धरणांतले पाणी पुरेल की नाही या तीन प्रश्नांभोवती फिरत राहिली आहे. हे प्रश्न गैरलागू नाहीत. पण ग्रिडचे पंप कोण चालवणार, त्यांची वीज कोणाच्या नावावर असणार आणि तिचे बिल कोण भरणार, याचा निर्णय वाहिनीच्या निविदेच्या आधी झाला पाहिजे, नंतर नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

पाणी उचलण्याचा हिशेब अवघड नाही. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर वर न्यायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या नियमाने पाव युनिटपेक्षा थोडी जास्त, नेमके सांगायचे तर सुमारे ०.२७ युनिट वीज लागते. पंप, मोटर आणि ट्रान्सफॉर्मर यांची मिळून कार्यक्षमता पंच्याहत्तर टक्के धरली तर ती ०.३६ युनिटपर्यंत जाते, आणि लांबच्या वाहिनीतल्या घर्षणामुळे पंपाला प्रत्यक्ष चढापेक्षा अधिक उंचीची झुंज द्यावी लागते ते वेगळेच. रोज दहा कोटी लिटर पाणी शंभर मीटर उचलणाऱ्या पंपगृहाला त्यामुळे दिवसाला छत्तीस हजार युनिट आणि वर्षाला एक कोटी तीस लाखांहून अधिक युनिट लागतात. युनिटचा दर आठ रुपये धरला तर वर्षाचे बिल दहा कोटींच्या वर जाते. हा खर्च एकदाचा नाही, आणि कोणत्याही नेत्याला त्याचे भूमिपूजन करता येत नाही.

बिलापेक्षाही कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे पंप बंद पडल्यावर काय होते. छत्रपती संभाजीनगरचे उदाहरण समोर आहे. शहर जायकवाडीपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आणि धरणाच्या पाण्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक उंचीवर आहे. मराठवाड्यातले सर्वांत मोठे धरण उशाशी, तरीही शहरातल्या कित्येक वसाहतींना वर्षानुवर्षे आठ-आठ दिवसांनी पाणी मिळत आले आहे. ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या जुन्या वाहिन्या अपुऱ्या पडल्या, हे त्याचे मुख्य कारण. म्हणून २५०० मिलिमीटरची नवी वाहिनी टाकण्याचे काम हाती घेण्यात आले. पण तिथल्या वर्तमानपत्रांत वारंवार येणारी दुसरी एक बातमी तितकीच बोलकी असते: धरणावरील किंवा शहराच्या वाटेवरच्या फारोळ्याच्या पंपगृहाची वीज गेली, आणि शहराचे पाण्याचे वेळापत्रक एका दिवसाने पुढे ढकलले.

वीज काही मिनिटांसाठी जाते आणि पाणी काही तासांसाठी, असे का व्हावे हे समजून घेण्यासारखे आहे. पंप चालू असताना वाहिनीत हजारो टन पाण्याचा स्तंभ वरच्या दिशेने सरकत असतो. वीज गेली की पंप काही सेकंदांत थांबतो. पाणी मात्र स्वतःच्या वेगाने थोडे पुढे जाते, थांबते आणि उलटे फिरते. त्या उलट्या लाटेचा दाब वाहिनीच्या सांध्यांवर आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्हवर, म्हणजे पाणी मागे फिरू न देणाऱ्या झडपेवर, आदळतो. यालाच कर्मचारी वॉटर हॅमर म्हणतात, आणि जुन्या वाहिन्या फुटण्यामागे पुष्कळदा हाच धक्का असतो. वाहिनीतल्या उंचवट्यांवर पोकळी तयार होते आणि तिथे हवा शिरते. वीज परत आली तरी सगळे पंप एकदम सुरू करता येत नाहीत. एक पंप सुरू करायचा, व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, एअर व्हॉल्व्हमधून हवा निघून जाऊ द्यायची, दाब स्थिर झाला की मग दुसरा. घाई केली तर वाहिनी फुटते, आणि ती फुटली की तासांचा प्रश्न दिवसांवर जातो. हा संयम पुस्तकातून येत नाही. त्याच पंपगृहात पाच-दहा वर्षे काढलेल्या माणसाला तो येतो. आवाजावरून बेअरिंगची अवस्था ओळखणारा आणि अँपिअरचा काटा किती थरथरला यावरून जॅकवेलच्या, म्हणजे पंप जिथून पाणी ओढतो त्या विहिरीच्या, जाळीत कचरा अडकला आहे हे सांगणारा चालक ही योजनेची मालमत्ता आहे. आपल्या ताळेबंदात मात्र तिची नोंद कुठेच नसते.

मुंबईने या बाबतीत दोन्ही प्रकार पाहिले आहेत. तानसा आणि वैतरणा खोऱ्यातले पाणी उताराने, जवळजवळ स्वतःच्या वजनाने शहराकडे येते. भातसा धरणाचे पाणी मात्र नदीतून पिसे येथे येते आणि तिथून पांजरापूरच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे पंपाने उचलावे लागते. २०२४ च्या फेब्रुवारीत पिसे येथील ट्रान्सफॉर्मरला आग लागली तेव्हा धरणात पाणी असूनही महानगराच्या मोठ्या भागात पाणीकपात झाली. उताराने येणाऱ्या पाण्याचा आराखडा करणाऱ्या जुन्या अभियंत्यांचे आपण पुरेसे आभार मानलेले नाहीत. पण आता उताराने आणता येईल अशी पाण्याची ठिकाणे संपत आली आहेत. मराठवाड्याचे पठार असो, विदर्भातली वैनगंगा-नळगंगा जोड योजना असो किंवा कोकणातले पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी घाटावर चढवण्याचे प्रस्ताव असोत, यापुढचे पाणी कुठे ना कुठे उचलूनच आणावे लागणार आहे.

अशा योजना जगात नव्या नाहीत, आणि त्यांतली एक मला आपल्यासाठी विशेष उद्बोधक वाटते. दक्षिण कॅलिफोर्नियाचा कोलोरॅडो नदीचा जलमार्ग ३८९ किलोमीटर लांब आहे. पार्कर धरणाच्या मागच्या जलाशयातून निघालेले पाणी वाळवंटातल्या पाच पंपगृहांनी टप्प्याटप्प्याने एकूण ४९३ मीटर उचलले जाते: पहिल्या टप्प्यात ८९ मीटर, मग जीन येथे ९२, आयर्न माउंटन येथे ४४, आणि ईगल माउंटन व हाइन्ड्स येथे प्रत्येकी सुमारे १३४. तिथून पुढे ते उताराने, बोगद्यांतून लेक मॅथ्यूज या जलाशयात पोहोचते. पूर्ण क्षमतेने चालला तर हा जलमार्ग वर्षाला सुमारे बारा लाख एकर-फूट, म्हणजे जवळपास ५२ टीएमसी पाणी नेतो. रोजच्या हिशेबाने हे मुंबईला आज मिळणाऱ्या पाण्याच्या आसपास भरते. दर हजार लिटरमागे सुमारे १.६ युनिट वीज लागते आणि पूर्ण क्षमतेच्या वर्षात ती २४० कोटी युनिटच्या घरात जाते. ही योजना चालवणारी मेट्रोपॉलिटन वॉटर डिस्ट्रिक्ट ही संस्था आज सव्वीस सदस्य संस्थांमार्फत सुमारे १ कोटी ९० लाख लोकांच्या प्रदेशाला पाणी पुरवते.

आपण शिकायची गोष्ट या भव्यतेत नाही, कामाच्या क्रमात आहे. १९२८ मध्ये तिथल्या अनेक शहरांनी मिळून ही संस्था स्थापन केली आणि तिला मालमत्तेवर कर लावण्याचा अधिकार मिळाला. १९३० मध्ये तिने त्याच नदीवरच्या हूव्हर धरणाच्या विजेचा करार केला. ते धरण बांधायला तेव्हा सुरुवातही झालेली नव्हती, पण त्याच्या हमीच्या विजेतला एक तृतीयांशाहून अधिक वाटा या पंपांसाठी राखून ठेवला गेला. पार्कर धरणाचा बहुतेक खर्चही याच संस्थेने उचलला आणि त्या बदल्यात तिथल्या विजेतला निम्मा हिस्सा मिळवला. १९३१ मध्ये, महामंदीच्या ऐन कडाक्यात, मतदारांनी २२ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. खोदाई १९३३ मध्ये सुरू झाली. म्हणजे पहिला सुरुंग फुटण्यापूर्वी योजना कोण चालवणार, वीज कुठून येणार आणि पैसे कोण देणार या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कागदावर सही होऊन तयार होती. आपल्याकडे बहुधा पहिला पाइप जमिनीत जातो आणि मग पंपाचे बिल जिल्हा परिषदेने भरायचे, ग्रामपंचायतींनी की जीवन प्राधिकरणाने, यावरचा पत्रव्यवहार सुरू होतो.

त्या योजनेतली आणखी एक गोष्ट मला शहाणपणाची वाटते. प्रत्येक पंपगृह नऊ पंपांसाठी आखले होते, पण सुरुवातीला तीनच बसवले गेले. उरलेले सहा मागणी वाढल्यावर १९५० च्या दशकात आले. आज तिथे पूर्ण प्रवाह म्हणजे आठ पंपांचा प्रवाह असे समजतात आणि नववा राखीव असतो. आपल्याकडे राखीव पंप कागदावर असतो, पण पहिल्याचा सुटा भाग मिळेनासा झाला की तो राखीव पंपातून काढला जातो, आणि पुढच्या बिघाडाला राखीव असे काही उरलेले नसते. तिथे बहुतेक वर्षी हिवाळ्याच्या अखेरीस काही आठवडे संपूर्ण जलमार्ग ठरवून बंद ठेवतात आणि बोगदे, कालवे, व्हॉल्व्ह, पंप यांची कामे एका दमात उरकतात. नियोजित बंदची सवय नसलेल्या योजनेला अनियोजित बंद चुकत नाही.

पाच पंपगृहे एका रांगेत चालवणे हे एक पंपगृह पाच वेळा चालवण्यासारखे काम नाही. शेवटच्या तीन पंपगृहांमध्ये मोठे साठे नसल्याने, घमेली हातोहात पुढे देणाऱ्या मजुरांच्या रांगेप्रमाणे, एकाने गती बदलली की इतरांना बदलावी लागते. मागचे पंपगृह चालू राहिले आणि पुढचे बंद पडले तर मधला कालवा भरून पाणी वाळवंटात सोडून द्यावे लागते. उलट झाले तर पुढच्या पंपाला ओढायला पाणी उरत नाही. म्हणून प्रवाहातला बदल मध्यवर्ती नियंत्रण कक्षातून आधी ठरवला जातो आणि पंपगृहातले चालक तो क्रमाने अमलात आणतात. मराठवाडा ग्रिड ही तर रांगही नाही, जाळे आहे. ज्या धरणात पाणी आहे तिथून ज्या धरणात ते नाही तिथे नेण्याची सोय, हाच तिचा हेतू सांगितला जातो. याचा अर्थ प्रवाहाच्या वाटा आणि काही ठिकाणी दिशाही दर वर्षी, कदाचित दर हंगामाला, बदलाव्या लागतील. असे जाळे आठ जिल्ह्यांतल्या आठ वेगवेगळ्या कार्यालयांनी, प्रत्येकाने आपल्या पालकमंत्र्याचा फोन ऐकत चालवायचे म्हटले तर काय होईल, याची कल्पना करायला अभियंता असण्याची गरज नाही.

कॅलिफोर्नियाचे कौतुक मी डोळे मिटून करत नाही. कोलोरॅडो नदीचे १९२२ चे वाटप नदीत प्रत्यक्षात असलेल्या पाण्यापेक्षा जास्त होते, आणि त्याची किंमत आज सात राज्ये आणि मेक्सिको मोजत आहेत. नदीचे पाणी समुद्रापर्यंत क्वचितच पोहोचते. तिथले चालकही सुखात आहेत असे नाही. वाळवंटातल्या पंपगृहांजवळ संस्थेने कर्मचाऱ्यांसाठी छोट्या वसाहती बांधल्या, पण राज्याच्या लेखापरीक्षकाने २०२२ मध्ये दिलेल्या अहवालात या घरांच्या लांबलेल्या दुरवस्थेवर आणि कर्मचाऱ्यांच्या, विशेषतः महिलांच्या, छळाच्या तक्रारी हाताळण्यातल्या दिरंगाईवर कडक ताशेरे आहेत. दूरच्या पंपगृहावर राहणारा माणूस मुख्यालयाच्या नजरेआड जातो, हे श्रीमंत संस्थेतही घडते. (जाता जाता: याच जलमार्गाच्या बांधकामावर १९३३ मध्ये सिडनी गारफील्ड या तरुण डॉक्टरने वाळवंटात बारा खाटांचे रुग्णालय काढले आणि मजुरामागे रोज पाच सेंट आगाऊ घेऊन उपचार करण्याची पद्धत सुरू केली, कैसर पर्मनंटे या आजच्या मोठ्या आरोग्यव्यवस्थेचे मूळ तिथे आहे. लांबच्या कामावर माणसे टिकवायची तर त्यांच्या आजारपणाची तरतूद आधी करावी लागते, हे तेव्हाच कळले होते.)

आता आपल्याकडच्या अनुभवाकडे येऊ. सांगली-सातारा भागातल्या ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजना कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांपर्यंत चढवतात. त्या उभ्या राहायला अनेक वर्षे लागली आणि उभ्या राहिल्यावर थकीत वीजबिलांपायी वारंवार बंद पडल्या. शेतकरी म्हणत, बिल परवडत नाही; वीज कंपनी म्हणे, थकबाकी भरा; पाटबंधारे खाते मध्ये उभे. शेवटी बिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा असे सूत्र ठरले. हे प्रमाण योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो, पण मला ते ठरले हेच महत्त्वाचे वाटते. अनुदान द्यायचे असेल तर उघडपणे, टक्केवारीत, अर्थसंकल्पातल्या ओळीत द्यावे. थकबाकी हे सर्वांत वाईट प्रकारचे अनुदान असते, कारण ते कोणी मंजूर केलेले नसते आणि ते संपते नेमके उन्हाळ्यात. हे सूत्र योजनेच्या मंजुरीच्या दिवशी ठरले असते तर त्या तालुक्यांचे किती हंगाम वाचले असते, हा प्रश्न ग्रिडच्या वेळी विचारलाच पाहिजे.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की पाणी हा हक्क आहे, आणि पंपाचा पूर्ण खर्च गरीब गावांकडून वसूल करणे अन्यायाचे आहे. मला हे मान्य आहे. कॅलिफोर्नियाच्या त्या संस्थेनेही पहिली काही दशके आपला मोठा खर्च पाण्याच्या दरातून नव्हे तर मालमत्ता करातून भागवला होता. पाणीपट्टी, कर आणि राज्याचे अनुदान यांचे कोणतेही प्रमाण चालेल, फक्त ते आधी ठरलेले आणि कायद्याने बांधलेले असावे. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटरचे उद्दिष्ट ठेवून गावोगावी नळ पोहोचवले गेले. त्या नळांमागच्या पंपांची बिले ग्रामपंचायतीने भरावीत अशी अपेक्षा आहे, पण गावाची पाणीपट्टी वसुली आणि महावितरणचे बिल यांचा मेळ बसवून देणारी यंत्रणा कुठे आहे?

दुसरा आक्षेप सौर ऊर्जेचा. सौर वीज आली की बिलाचा प्रश्न मिटेल, असे हल्ली प्रत्येक बैठकीत कोणीतरी म्हणतेच. त्यात तथ्य आहे, पण अर्धे. दिवसा उचलून ठेवलेले पाणी रात्रभर पुरवायचे तर वर मोठा साठा लागतो आणि पंप व वाहिनी दोन्ही दुप्पट-तिप्पट क्षमतेची लागतात, कारण चोवीस तासांचे काम सात-आठ तासांत उरकायचे असते. ही निवड आराखड्याच्या वेळीच करता येते. चोवीस तासांसाठी आखलेली वाहिनी गाडून झाल्यावर पंपगृहाच्या छतावर पॅनेल लावल्याने बिल थोडे उतरते, योजना सौर होत नाही. म्हणजे सौर ऊर्जेचा आग्रह हा माझ्या म्हणण्याला विरोध नसून पुष्टीच आहे: विजेचा निर्णय आधी.

तिसरा आक्षेप खासगी कंत्राटाचा आणि स्वयंचलनाचा. कंत्राटदार पाच-दहा वर्षे चालवेल, संगणकीय नियंत्रण असेल, मग माणसांचा एवढा बाऊ कशाला? संभाजीनगरच्या समांतर जलवाहिनीचे खासगी भागीदारीचे कंत्राट २०१६ मध्ये रद्द झाले आणि शहराची काही वर्षे वाया गेली, हा अनुभव ताजा आहे. पण मी तो निर्णायक मानत नाही, कारण सरकारी यंत्रणेनेही वर्षे वाया घालवलेली आहेत. माझी हरकत वेगळी आहे. कंत्राटदार मुदतीपुरता विचार करतो आणि पंपगृहाचे आयुष्य त्याच्या कितीतरी पट असते. शेवटच्या वर्षी इम्पेलर, म्हणजे पंपातले पाणी ढकलणारे फिरते चाक, बदलण्यात त्याला रस नसतो, आणि मुदत संपली की त्याच्याबरोबर त्याची माणसे आणि त्यांच्या डोक्यातली माहितीही जाते. स्वयंचलनाने चालकांची संख्या कमी होते, हे खरे. उरलेल्या चालकाची पात्रता मात्र वाढवावी लागते, कारण पडद्यावरचा आकडा खोटा आहे हे ओळखणारा माणूस तिथे हवा असतो.

आपल्याकडे तो माणूस कोण असतो? पुष्कळ प्रादेशिक योजनांवर पंपचालक रोजंदारीवर किंवा पुरवठादार संस्थेमार्फत घेतलेला असतो आणि त्याचे वेतन महिनोन्महिने अडकते. रात्री एक वाजता उच्चदाब स्विचगिअरसमोर, म्हणजे वीज जोडण्या-तोडण्याच्या यंत्रणेसमोर, तो एकटा उभा असतो, रबरी हातमोजे कपाटात असतील तर नशीब, आणि दुरुस्तीचा निर्णय घेण्याचा अधिकार त्याला नसतो. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसावर अख्ख्या गावाचा राग निघतो. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि जोडारी असे अभ्यासक्रम आहेत. मोठ्या पंपगृहाचा चालक म्हणून वेगळा, दोन-तीन वर्षांच्या उमेदवारीचा, पुढे बढतीची शिडी असलेला संवर्ग उभा करणे ही खर्चाने छोटी आणि परिणामाने मोठी गोष्ट आहे. हजारो कोटींच्या योजनेत या संवर्गाचा पगार नगण्य ठरेल.

म्हणून मराठवाडा ग्रिडबाबत मागणी अशी असावी. आठही जिल्ह्यांसाठी एकच वैधानिक जलप्राधिकरण विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन व्हावे. त्याच्या मंडळावर नगरपालिका, महापालिका आणि जिल्हा परिषदांचे प्रतिनिधी असावेत, आणि टंचाईच्या वर्षी कोणत्या धरणातून किती पाणी कुठे जाईल याचे नियम आधीच प्रसिद्ध केलेले असावेत, ऐन मे महिन्यात बैठकीत ठरू नयेत. पंपगृहांसाठी स्वतंत्र एक्स्प्रेस फीडर (वाटेत दुसऱ्या कोणाला जोडणी न देता थेट पंपगृहापर्यंत येणारी वीजवाहिनी) आणि किमान पंचवीस वर्षांचा वीजखरेदी करार हा प्रकल्प अहवालाचा भाग असावा. विजेच्या खर्चातला राज्याचा, संस्थांचा आणि ग्राहकांचा वाटा कायद्यात लिहिलेला असावा. देखभालीचा निधी वेगळ्या खात्यात राहावा आणि तो दुसरीकडे वळवता येऊ नये. पंपगृहांचा कर्मचारीवर्ग यंत्रे बसवली जात असतानाच नेमला जावा, म्हणजे जो पुढे तीस वर्षे पंप चालवणार आहे त्याने तो बसताना पाहिलेला असेल.

या सगळ्याला दोन वर्षे लागतील आणि मराठवाड्याला थांबायला वेळ नाही, असे म्हटले जाईल. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्यामुळे ही घाई खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. पण त्यानंतर इतकी वर्षे उलटली; त्यांतली दोन वर्षे या कामासाठी वापरली असती तर आज निविदा काढायला कोणाची हरकत उरली नसती. अजूनही प्राधिकरणाचा कायदा, वीज करार आणि कर्मचारी संवर्ग यांचे काम धरणांजवळच्या सर्वेक्षणाबरोबर समांतर चालू शकते. त्यासाठी एक वीतही जमीन संपादित करावी लागत नाही. ते पूर्ण होईपर्यंत मुख्य वाहिन्यांच्या निविदा उघडू नयेत, आणि मराठवाड्यातल्या आमदारांनी विधिमंडळात आपापल्या तालुक्यातून जाणाऱ्या वाहिनीच्या लांबीबरोबर तिथल्या पंपगृहाची उचल, वार्षिक युनिट आणि मंजूर पदांची संख्याही मागावी.